बायबलमधले संवाद आपल्यापर्यंत नेमके कसे पोहोचले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यासवर्ग असतो. तिथे, तरुण संघाच्या शिबिरांत आणि वर्गानंतर येणाऱ्या निरोपांत एकच शंका निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते: "हे बोलणं ऐकलं कुणी आणि लिहिलं कुणी?" शंका रास्त आहे. ती विचारणाऱ्याची श्रद्धा कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. जे प्रश्न जास्त वेळा आले, ते इथे एकत्र केले आहेत.

१. येशू बोलत असताना कुणी शेजारी बसून लिहून घेत होतं का?

तसा उल्लेख शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार येशूचरित्रांत, कुठेही नाही. लिहिण्याची साधनं मात्र होती. जखऱ्या मुका झाला होता तेव्हा त्याने पाटी मागवून मुलाचं नाव लिहिलं, असं लूक सांगतो (लूक १:६३). मेण लावलेल्या अशा लाकडी पाट्या तेव्हा रोजच्या वापरात होत्या. मत्तय जकातदार होता, म्हणजे लिहिण्या-मोजण्याचा सराव असलेला माणूस. त्याने काही टिपून ठेवलं असेल असा अंदाज अनेकांनी केला आहे, पण तो अंदाजच आहे. त्यावर मी इमारत उभी करणार नाही. येशूचे शब्द आधी माणसांच्या आठवणीत आणि तोंडी राहिले आणि मग लिहिले गेले, असं म्हणणं सगळ्यात सुरक्षित आहे.

२. क्रूसावरच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी हे लिहिलं गेलं? इतकी वर्षं शब्द लक्षात राहतात का?

येशूचा मृत्यू इसवी सन ३० किंवा ३३ मधला धरतात. बहुतेक अभ्यासक मार्कचं शुभवर्तमान ६५ ते ७० च्या आसपास ठेवतात, मत्तय आणि लूक त्यानंतर, आणि योहान पहिल्या शतकाच्या शेवटाकडे. काही जण या तारखा आणखी आधीच्या मानतात, म्हणजे घटनांच्या जवळ आणतात. एकूण अंतर पस्तीस ते साठ वर्षांचं.

पण मधला काळ मुका नव्हता, हे आपण विसरतो. पौलाने करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ते ५४-५५ च्या सुमारास. त्यात शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द आहेत (१ करिंथ. ११:२३-२५), आणि ते सांगण्याआधी पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं. 'मिळणं' आणि 'सोपवणं' ही ग्रीक क्रियापदांची जोडी यहूदी गुरू-शिष्य परंपरेतली ठरलेली भाषा आहे. गुरूकडून घ्यायचं आणि पुढच्याच्या हाती जसंच्या तसं द्यायचं. रब्बींची मौखिक शिकवण अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली आणि इसवी सन २०० च्या सुमारास 'मिश्ना' म्हणून संकलित झाली. त्यात एका शिष्याची स्तुती करताना त्याला 'एक थेंबही न गळणारं चुन्याने लिंपलेलं टाकं' म्हटलं आहे. त्या समाजात चांगल्या विद्यार्थ्याचं माप हे होतं.

शिवाय येशूचं बोलणंच लक्षात राहील अशा घडणीचं होतं. कुसळ आणि मुसळ, उंट आणि सुईचं नाक, जोडीजोडीने येणारी वाक्यं, दाखले. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती उधळ्या पुत्राचा दाखला शेंगांपासून अंगठीपर्यंत एकही तपशील न गाळता सांगायची.

३. 'अचूक' म्हणजे शब्दन् शब्द असं समजायचं का?

नाही, आणि या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

येशू रोजच्या बोलण्यात अरामी बोलत असे. शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे आपल्या हाती असलेलं त्याचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुळातच भाषांतर आहे. दुसरं असं की मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. लोक तीन-तीन दिवस त्याच्याजवळ राहत होते (मार्क ८:२), म्हणजे लिहिलेलं हे सार आहे. त्या काळच्या लेखकांना आणि वाचकांना हे ठाऊक होतं. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने तर उघड लिहून ठेवलं की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रत्यक्ष बोललेल्याच्या एकूण आशयाला जितकं धरून राहता येईल तितकं राहून ती मांडली आहेत. अवतरणचिन्हं तेव्हा नव्हतीच (प्रश्न १० पाहा). 'वाणी त्याचीच, शब्दयोजना सांगणाऱ्याची' हा प्रामाणिकपणाचा मान्य प्रकार होता.

तरीही काही ठिकाणी मूळ आवाज तसाच शिल्लक आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी मरून पडली आहे. येशू बाकी सगळ्यांना बाहेर काढतो. आत राहतात मुलीचे आई-वडील आणि पेत्र, याकोब, योहान. तो तिचा हात धरतो आणि म्हणतो, "तलीथा कूम." ग्रीक वाचकाला हे कळणार नव्हतं, म्हणून मार्क लगेच अर्थ देतो: मुली, ऊठ (मार्क ५:४१). अर्थ द्यायचाच होता तर अरामी शब्द ठेवले कशाला? मला वाटतं, ज्याने ते त्या खोलीत ऐकले त्याच्या कानातून ते कधी गेलेच नाहीत. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हिरापलीचा बिशप पपियास सांगतो की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता आणि त्याने पेत्राच्या आठवणी काळजीपूर्वक लिहिल्या, क्रमाने नसल्या तरी. पपियासचं हे म्हणणं चौथ्या शतकातल्या युसेबियसने जपलं. पेत्र त्या खोलीत होता. 'इप्फाथा', 'अब्बा', 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी' हे मार्कमध्येच असलेले असेच आणखी तुकडे.

४. मग चार शुभवर्तमानांत एकच वाक्य वेगवेगळं का?

प्रश्न ३ मधल्या कारणामुळे. येशू कोण आहे याबद्दलची पेत्राची कबुली घ्या. मार्कमध्ये "तू ख्रिस्त आहेस" एवढंच. लूकमध्ये "देवाचा ख्रिस्त". मत्तयात "तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस". बाप्तिस्म्याच्या वेळची वाणी मार्क आणि लूकमध्ये "तू माझा प्रिय पुत्र" अशी आहे, मत्तयात "हा माझा प्रिय पुत्र" अशी. प्याल्यावरचे शब्द मार्क आणि मत्तयात एका घडणीचे, पौल आणि लूकमध्ये दुसऱ्या.

हे फरक झाकायला जाऊ नका. चौघांचं अक्षरन् अक्षर जुळलं असतं तर "एकाने दुसऱ्याची नक्कल केली" हाच आरोप झाला असता. मत्तय आणि लूकने मार्कचा मजकूर वापरला असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. म्हणजे तिघांच्या जुळण्याला तीन स्वतंत्र साक्षी म्हणणं बरोबर नाही. पण भोजनाचे शब्द पौलाकडे मार्कच्या आधीपासून आहेत, आणि दोन्हीकडे भाकरी, प्याला, शरीर, रक्त, करार हे सगळं जागच्या जागी आहे.

५. जुन्या करारातले संवाद तर त्याहून जुने. त्यांची काय व्यवस्था होती?

सगळ्यांची एक व्यवस्था नव्हती, पण काही ठिकाणी लिहिणारा माणूस नावानिशी समोर येतो. यिर्मया ३६ काढा. यिर्मया तोंडाने सांगतो आणि नेरीयाचा मुलगा बारूख गुंडाळीवर लिहितो. सरदार बारूखला विचारतात, "तू ही वचनं लिहिलीस कशी?" तो सांगतो की यिर्मया सांगत होता आणि मी शाईने लिहीत होतो. आपल्याच वर्गात विचारला जाणारा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. पुढे नवव्या महिन्याच्या थंडीत यहोयाकीम राजा शेगडीसमोर बसलाय. यहूदी नावाचा सेवक तीन-चार रकाने वाचतो, की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापून निखाऱ्यांवर टाकतो. गुंडाळी संपेपर्यंत हे चालतं. यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि शेवटचं वचन मोकळेपणाने नोंदवतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

दुसरा प्रसंग माझ्या विशेष आवडीचा. इसवी सनपूर्व ७०१ मध्ये अश्शूरच्या राजाने पाठवलेला रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून ओरडतो. यहूदाचा राजा हिज्कीया याचे तीन अधिकारी बाहेर येतात: घरकारभारी एल्याकीम, शेबना आणि यवाह. शेवटचे दोघे आपल्याकडच्या जुन्या भाषेत एक चिटणीस, एक अखबारनवीस. ते विनवतात, "आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला ती समजते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं आमच्या भाषेत बोलू नका." रब्शाके मुद्दाम आणखी मोठ्याने यहूद्यांच्याच भाषेत बोलतो. म्हणजे संवाद कोणत्या भाषेत झाला हेही नोंदलेलं आहे, ऐकणारे तटावर होते, आणि नोंदी ठेवणं हेच ज्यांचं काम ते समोर उभे होते. हा संवाद २ राजे १८ आणि यशया ३६ अशा दोन ठिकाणी आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. काही फरक आहेत, उदाहरणार्थ राजे तीन अश्शूरी सरदारांचा उल्लेख करतो आणि यशया एकट्या रब्शाकेचा. बोलणं मात्र जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं.

६. हे कानगोष्टीच्या खेळासारखं नाही का? शेवटच्या कानात भलतंच पोहोचतं.

कानगोष्टीत एक जण एकालाच, हळूच, एकदाच सांगतो आणि पुन्हा विचारायची बंदी असते. मंडळीत सगळ्यांसमोर, मोठ्याने, दर आठवड्याला सांगितलं जात होतं आणि मूळ साक्षीदार अनेक वर्षं हयात होते. पुनरुत्थित ख्रिस्ताला पाहिलेल्या पाचशेहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत, असं पौल लिहितो (१ करिंथ. १५:६). चुकलं तर टोकणारं कुणीतरी होतं.

७. लिहिल्यानंतर नकला करताना संवाद बदलले नसतील कशावरून?

नकलांत फरक पडले. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आहेत आणि त्यांच्यात असंख्य लहान फरक आहेत. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे. हस्तलिखितं इतकी आहेत म्हणूनच फरक दिसतात आणि तपासता येतात.

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे. साधारण नऊ बाय सहा सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढा. १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला गेला, १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक जण तो दुसऱ्या शतकातला मानतात, काही जण थोडा पुढचा. नव्या कराराच्या सगळ्यात जुन्या तुकड्यांत त्याची गणना होते, आणि त्यावर आहे तो संवादच: रोमन सुभेदार पिलात आणि येशू (योहान १८:३१-३३ आणि ३७-३८). मागच्या बाजूला 'सत्याचा' या शब्दातली अक्षरं दिसतात, पुढच्या ओळीत 'त्याला म्हणतो' हे शब्द दिसतात, आणि पिलाताचा "सत्य म्हणजे काय?" हा प्रश्न जिथे असायला हवा तिथे पपायरस फाटलेला आहे. उरलेली अक्षरं आपल्या आजच्या मजकुरात बसतात.

जुन्या करारासाठी १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या पाहाव्या लागतात. यशयाची मोठी गुंडाळी सुमारे सात मीटर लांब आहे आणि तोवर ठाऊक असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. रब्शाकेचा संवाद तीतही आहे. यिर्मयाच्या बाबतीत मात्र कुमरानमध्ये लांब आणि आखूड अशा दोन्ही परंपरांचे तुकडे मिळाले. प्राचीन ग्रीक भाषांतरातला यिर्मयाही हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. हेही सांगितलं पाहिजे.

८. जिथे तिसरं माणूसच नव्हतं, ते बोलणं कसं कळलं?

प्रसंगागणिक उत्तर वेगळं आहे. विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीच्या वेळी शिष्य गावात अन्न विकत घ्यायला गेले होते. पण ती बाई घागर टाकून गावात गेली आणि सगळ्यांना सांगत सुटली, आणि येशू तिथे दोन दिवस राहिला (योहान ४:४०). एवढ्या अवधीत शिष्यांनी विचारलं नसेल हे संभवत नाही. सैतानाने अरण्यात घेतलेली परीक्षा येशूने स्वतः सांगितली असल्याशिवाय कळणं शक्य नाही. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना शिष्य झोपले होते हे खरं, पण अंतर धोंड्याच्या टप्प्याएवढं होतं (लूक २२:४१) आणि झोप लागण्याआधी त्यांनी काही ऐकलंच नाही असं कुठे म्हटलेलं नाही. पिलाताच्या वाड्यात आत काय झालं ते कुणाकडून कळलं, हे योहान सांगत नाही. शिपाई आणि नोकर तिथे होते. यापुढचं मी ठामपणे सांगू शकत नाही.

९. विरोधकांच्या बंद दाराआडच्या बैठका लूकला कशा कळल्या?

लूकनेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' (प्रे. कृ.) या पुस्तकात, प्रेषितांना बाहेर काढून गमलियेल नावाचा शास्त्रपंडित न्यायसभेत बोलतो (प्रे. कृ. ५:३४). पौल याच गमलियेलच्या पायाशी शिकला होता (२२:३), आणि पुढे पुष्कळ याजकही विश्वासात आले (६:७). हेरोदाच्या घरातल्या गोष्टींसाठी त्याचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना होती (लूक ८:३). लूक या वाटा जोडून दाखवत नाही, माणसं मात्र नावानिशी ठेवतो.

रोमन सरदार लुस्याचं पत्र देताना लूक 'अशा आशयाचं' असं म्हणतो (प्रे. कृ. २३:२५). नक्कल हाती आहे असा दावा तो करत नाही. रोमन सुभेदार फेस्त आणि राजा अग्रिप्पा यांचं खासगी बोलणं (२५:१४-२२) हे लूकने परिस्थितीवरून मांडलेलं सार असावं, असं माझं मत आहे. असं मानल्याने मला अडचण वाटत नाही. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

१०. योहान ३:१६ हे येशूचे शब्द की योहानाचे?

मूळ ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नव्हती, शब्दांत जागाही सोडत नसत. रात्री भेटायला आलेल्या निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याशी चाललेलं येशूचं बोलणं १५व्या वचनाशी संपतं की २१व्या, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. 'मी-तू' आधीच गळून पडलेलं असतं आणि १६व्या वचनापासून निवेदकाचा सूर लागतो, म्हणून मला पहिलं मत अधिक पटतं. तुमच्या प्रतीत चिन्ह कुठे आहे ते बघा. तो संपादकाचा निर्णय आहे.

११. 'पुन्हा जन्म' या शब्दावरचा श्लेष फक्त ग्रीकमध्ये चालतो म्हणे. मग निकदेमाचा संवाद रचलेला का?

ग्रीक शब्दाचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन अर्थ होतात, हे खरं. अरामीत तशी जोडी सहज जमत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. पण येशू फक्त 'वरून जन्म' म्हणाला असता तरी "म्हातारा माणूस कसा जन्मेल?" हा प्रश्न तसाच आला असता. भाषांतरात श्लेष अधिक ठळक झाला असेल. निकदेम पुढे दोनदा भेटतो, आणि शेवटी येशूला पुरताना गंधरस आणि अगरू घेऊन येतो (१९:३९). रात्रीची हकीकत सांगायला तो स्वतः उपलब्ध होता.

१२. नंतर कुणी घुसवलेले संवाद आहेत का?

आहेत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग (योहान ७:५३-८:११) सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. काही प्रतींत तो लूकमध्ये सापडतो. भटकत आलेली ही जुनी आठवण आहे असं अनेकांना वाटतं, मलाही. पण ती योहानाच्या मूळ लेखणीची नाही. फिलिप्प आणि कूशी षंढ यांच्यातलं प्रे. कृ. ८:३७ हेही जुन्या प्रतींत नाही, बाप्तिस्म्याच्या विधीतून आलेलं दिसतं. आजच्या आवृत्त्या हे कंसात किंवा तळटीपेत टाकतात. वर्गात हे सांगितलं तेव्हा एका ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकेक करून निघून जाणारी ती माणसं त्यांना फार जवळची होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की तो भाग वाचणं थांबवू नका.

१३. एदेन बागेत किंवा ईयोबाच्या पहिल्या अध्यायात स्वर्गात झालेलं बोलणं कुणी ऐकलं?

साक्षीदार, टिपण, नक्कल ही मोजमापं इथे लागू होत नाहीत. ईयोब आणि त्याचे मित्र जमिनीवर बसून काव्यात बोलतात. सुरुवातीची आणि शेवटची गद्य कथा सोडली तर तो ग्रंथच काव्याचा आहे. मी हे भाग देवाने दिलेलं सत्य म्हणून वाचतो. इतिहासाच्या पद्धतीने ते सिद्ध होतात असं मी कुणाला सांगत नाही.

१४. पवित्र आत्म्याने आठवण करून दिली (योहान १४:२६), एवढं म्हटलं की पुरे ना?

मी ते मनापासून मानतो. लूकही मानत होता, आणि तरीही त्याने पहिल्यापासून सगळ्याचा नीट शोध केला (लूक १:३). आत्मा आठवण देतो म्हणून विचारपूस सोडायची, असं त्याला वाटलं नाही.

१५. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर झालेलं दर्शन तीनदा सांगितलंय आणि तिन्ही वेळा वेगळं. हे कसं?

प्रेषितांची कृत्ये ९, २२ आणि २६. तिन्हीतला गाभा एकच: "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" इथे मराठी वाचकाला न दिसणारी एक गोष्ट आहे. शौल हे पौलाचं यहूदी नाव; ग्रीक निवेदनात ते 'सौलोस' असं ग्रीक वळणाचं येतं, पण ती वाणी तिन्ही वेळा 'सौल, सौल' अशी मूळ सेमिटिक हाक मारते. मराठीत दोन्हीकडे शौलच. पराणीवर लाथ मारण्याचं वाक्य जुन्या प्रतींत फक्त २६व्या अध्यायात, राजा अग्रिप्पासमोरच्या भाषणात आहे. पौलाचं पुढचं काम ९व्या अध्यायात दिमिष्कातला शिष्य हनन्या याला कळतं, २२व्यात हनन्या ते पौलाला सांगतो, आणि २६व्यात हनन्या पूर्ण गाळून सगळं थेट प्रभूच्या तोंडी येतं. राजापुढे थोडक्यात सांगताना मधला माणूस गाळला. तिन्ही हकिकती एकाच लेखकाने एकाच पुस्तकात ठेवल्या, म्हणजे त्याला त्यांत विसंगती वाटली नाही.

१६. लीळाचरित्राशी तुलना करता येईल का?

काही अंगांनी जरूर. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या. लूकच्या प्रस्तावनेतलं काम याच जातीचं. शिकवण वेगळी आहे, तिची सरमिसळ करू नये.

१७. मराठी बायबलात येशू 'तू' म्हणतो आणि लोक 'आपण' म्हणतात. मूळात असं होतं का?

नव्हतं. ग्रीकमध्ये एका माणसाला उद्देशून एकच 'तू' आहे, मग तो राजा असो की नोकर. आपल्या प्रचलित भाषांतरात विहिरीवरची शोमरोनी स्त्री "महाराज, आपल्याजवळ पोहरा नाही" अशा अदबीने बोलते. ग्रीकमध्ये 'महाराज' या अर्थाचा शब्द आहे, 'आपण' नाही. सुरुवातीला ती फटकळपणे बोलत असेल आणि हळूहळू तिचा सूर बदलला असेल, तर तो बदल मराठीत पहिल्याच वाक्यात झाकला जातो. भाषांतरकाराला निवड करावीच लागते, कारण मराठीत हा निर्णय टाळताच येत नाही. सेरामपूरला १८११ मध्ये मोडीत छापलेल्या मराठी नव्या करारापासून प्रत्येकाला तो घ्यावा लागला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यावर काम केलं. योहान ४ अभ्यासताना त्या स्त्रीची सगळी वाक्यं एकदा 'आपण'ने आणि एकदा 'तू'ने मोठ्याने वाचा. दुसऱ्या वाचनात ती विहिरीच्या काठावर घागर कमरेवर घेऊन उभी दिसते.